चेसबॉक्सिंगची रात्र : डोके कुणाचे आणि टाळी कुणाची?

बुद्धिबळ आणि बॉक्सिंग हे दोन्ही खेळ एकाच सामन्यात, एकाच रिंगणात, त्याच दोन माणसांनी आळीपाळीने खेळायचे, असे कुणी सांगितले तर आपल्यापैकी बहुतेकांना ती थट्टा वाटेल. ती थट्टा नाही. या खेळाचे नाव चेसबॉक्सिंग. त्याच्या जागतिक संघटना आहेत, विजेतेपदे आहेत आणि तिकीट लावून भरणाऱ्या रात्रीही आहेत. लंडनमध्ये २००८ पासून अशा रात्री सुरू झाल्या. तिथल्या किंग्ज क्रॉस भागातले 'स्काला' हे एकेकाळचे चित्रपटगृह त्यांचे एक ठिकाण झाले. संध्याकाळी दारे उघडतात, बार चालू असतो, संगीताचा दणदणाट असतो, सूत्रसंचालक लोकांना हसवतो आणि मधून मधून लढती होतात.

लढत कशी होते हे आधी समजून घेतले पाहिजे, कारण सगळा वाद त्या नियमांतच दडलेला आहे. रिंगणाच्या मधोमध टेबल मांडतात, त्यावर पट आणि बुद्धिबळाचे घड्याळ. पहिली फेरी बुद्धिबळाची. आता सर्वसाधारणपणे ती तीन मिनिटांची असते. घंटा वाजली की मोहरी आहेत त्याच घरात ठेवून टेबल बाहेर काढतात. एका मिनिटात हातमोजे चढवायचे आणि पुढची तीन मिनिटे खरे ठोसे. मग पुन्हा पट. अशा एकूण अकरा फेऱ्या. सहा पटाच्या, पाच ठोशांच्या. प्रत्येकाला पूर्ण डावासाठी नऊ मिनिटे. दोघांची मिळून अठरा, म्हणजे बरोबर सहा फेऱ्यांचा वेळ. मात झाली, घड्याळ संपले, कुणी डाव सोडला, कुणी आडवा पडला किंवा पंचाने लढत थांबवली की निकाल लागतो. डाव बरोबरीत सुटला तर ठोशांचे गुण मोजतात. तेही सारखे निघाले तर काळी मोहरी घेतलेला खेळाडू विजयी, कारण पहिल्या चालीचा फायदा पांढऱ्याला मिळालेला असतो. (काळ्याला मिळणारा हा संशयाचा फायदा वाचला की अमेरिकेतली न्यायालये आठवल्याशिवाय राहत नाहीत.)

पटावर बसले की दोघांच्या कानांवर हेडफोन चढवतात. कारण मोठ्या पडद्यावर पट दिसत असतो, समालोचक चाली समजावून सांगत असतो आणि प्रेक्षागृहातून 'घोडा मार, वजीर वाचव' असा आरडाओरडा चाललेला असतो. ज्याच्या डोक्यासाठी हा सारा खेळ, त्यालाच त्यातले काही ऐकू येऊ नये अशी व्यवस्था केलेली असते.

ही कल्पना प्रथम कागदावर आली. एन्की बिलाल या फ्रेंच चित्रकथाकाराने १९९२ च्या आपल्या चित्रकथेत असा सामना रंगवला होता. इपे रुबिंग या डच कलावंताने ती उचलली आणि २००३ साली प्रत्यक्षात आणली. नोव्हेंबर २००३ मध्ये ॲमस्टरडॅमला पहिली जागतिक विजेतेपदाची लढत झाली. रुबिंग स्वतः 'जोकर' या नावाने उतरला आणि त्याच्यासमोर होता 'लुईस द लॉयर'. हा लॉयर अकराव्या फेरीत घड्याळ संपल्याने हरला. वकिलाचे प्रकरण गुणदोषावर न हरता मुदतबाह्य म्हणून निकाली निघावे, हे आमच्या बार रूममध्ये सांगितले तर कुणालाही आश्चर्य वाटणार नाही. रुबिंग २०२० साली अवघ्या ४५ व्या वर्षी वारला. खेळ मात्र चालू आहे.

श्रेय बिलाल आणि रुबिंग यांना दिले जाते आणि ते बरोबरच आहे. पण 'चेसबॉक्सिंग' हा शब्द त्याआधीच लोकांच्या तोंडी होता, हे आपल्या वाचकांनी नोंदवून ठेवावे. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंड भागातल्या काळ्या तरुणांच्या 'वू-टँग क्लॅन' या गटाने १९९३ च्या आपल्या पहिल्या संग्रहात एका गाण्याला हेच नाव दिले होते. त्यांनी ते १९७९ च्या एका कुंगफू चित्रपटावरून घेतले होते. गरीब वस्तीतल्या काळ्या पोरांना पट आणि मूठ ही जोडी स्वाभाविक वाटली. युरोपला ती विचित्र वाटली, म्हणून तिचे तिकीट झाले.

ही जोडी विचित्र का वाटावी? माझ्या मते या खेळाबद्दल विचारण्याजोगा पहिला प्रश्न हाच आहे. विचार करणारा माणूस वेगळा आणि अंगमेहनत करणारा वेगळा, ही समजूत जगात सगळीकडे आहे. आपल्या देशात तिला जन्माचा आणि धर्माचा शिक्का मारला गेला. कुणी मुखातून जन्मला, कुणी बाहूंतून, कुणी मांड्यांतून आणि कुणी पायांतून. या वाटणीत पूर्ण शरीर एकाच्याही वाट्याला आले नाही, हे तिचे समर्थन करणाऱ्यांच्या कधी लक्षातच आले नाही. बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या त्या न झालेल्या भाषणात दाखवून दिले की जातिव्यवस्था ही कामाची विभागणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच विभागणी आहे. त्या कसोटीवर पाहिले तर दंडात ताकद असलेला आणि त्याच दमात उंटाचा बळी देऊन वजीर टिपणारा खेळाडू ही आपल्याला आनंद वाटावा अशीच गोष्ट आहे. २००८ साली बर्लिनला विजेतेपदाची लढत झाली. एका बाजूला फ्रँक श्टोल्ट हा बर्लिनचा पोलीस, दुसऱ्या बाजूला निकोलाय साझिन हा रशियातला एकोणीस वर्षांचा गणिताचा विद्यार्थी. पोरगा पाचव्या फेरीत पटावर जिंकला. चौथ्या फेरीतल्या ठोशांनी एकाग्रता गेली, असे हरल्यावर पोलिसानेच सांगितले. म्हणजे गणिताच्या विद्यार्थ्याने पोलिसाला आधी हाताने हलवले आणि मग डोक्याने हरवले!

बुद्धी कुठे जन्माला यावी याचा कायदा नाही, पण ती कुणाच्या मालकीची समजली जावी याचा अलिखित कायदा असतो. मीर सुलतान खान यांचे उदाहरण घ्या. पंजाबातल्या खेड्यातला हा माणूस सर उमर हयात खान या बड्या जमीनदाराच्या पदरी होता. आपल्या देशी पद्धतीचे बुद्धिबळ खेळत वाढला, युरोपी नियम उशिरा शिकला आणि मालकाबरोबर लंडनला गेला. १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीन वर्षे त्याने ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्याने माजी विश्वविजेत्या कापाब्लांकाला हरवले. बाबासाहेब पहिल्या गोलमेज परिषदेसाठी लंडनमध्ये होते तो हाच हिवाळा! रूबेन फाइन या अमेरिकन बुद्धिबळपटूने लिहून ठेवले आहे की सर उमर यांच्या घरी मेजवानीला गेलो, तेव्हा हा विजेता पाहुण्यांना वाढत होता. १९३३ मध्ये मालक मायदेशी परतला, त्याबरोबर सुलतान खानही परतला आणि मोठ्या स्पर्धांतून कायमचा दिसेनासा झाला. जागतिक संघटनेने त्याला मानद ग्रँडमास्टर केले ते २०२४ साली, मृत्यूनंतर जवळजवळ साठ वर्षांनी. कापाब्लांकाला हरवणारे डोके त्याचे होते; त्या डोक्याने कुठे जायचे आणि कुठे थांबायचे हे ठरवणारा दुसराच कुणी होता.

म्हणून चेसबॉक्सिंगच्या रात्रीकडे पाहताना माझा दुसरा प्रश्न असा आहे की रिंगणातले डोके कुणाच्या ताब्यात असते? कारण बॉक्सिंगमध्ये ठोशाचे सर्वात मोठे लक्ष्य डोकेच असते. ज्या मेंदूने पुढची चाल शोधायची, त्यालाच तीन मिनिटे हादरे द्यायचे आणि लगेच विचारायचे, आता सांग, हत्ती कुठे हलवशील? यातच या करमणुकीचा गाभा आहे. गोंधळलेला खेळाडू हातचा वजीर गमावतो तेव्हा सभागृहात सर्वात मोठा हशा पिकतो.

मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूवर कालांतराने काय परिणाम होतो, हे हॅरिसन मार्टलँड या अमेरिकन डॉक्टरने १९२८ सालीच मांडले होते. झोकांड्या जाणे, बोलणे जड होणे, हालचाली मंद होणे अशी लक्षणे त्याने नोंदवली. १९८३ साली व्हेनिसला भरलेल्या जागतिक वैद्यक संघटनेच्या अधिवेशनाने तर बॉक्सिंगवर बंदीच मागितली. यावर चेसबॉक्सिंगवाल्यांचे एक उत्तर असते आणि ते ऐकून घेतले पाहिजे. त्यांचे म्हणणे असे की आमच्या खेळात दर तीन मिनिटांनी मेंदूची परीक्षा होते. ज्याला मार जास्त लागला तो पटावर लगेच हरतो आणि पुढचा मार वाचतो. शिवाय ठोशांच्या फेऱ्या पाचच.

युक्तिवाद आकर्षक आहे, पण टिकत नाही. एक तर कवटीच्या आतला रक्तस्राव बुद्धिबळाच्या घड्याळाप्रमाणे चालत नाही. माणूस बोलतो, चालतो आणि काही वेळाने कोसळतो. दुसरे असे की नियमांची रचनाच पटावर हरणाऱ्याला एका दिशेला ढकलते. वजीर गेला, दोन चालींत मात होणार हे दिसले, तर त्याच्यापुढे एकच वाट उरते : पुढच्या तीन मिनिटांत समोरच्याला आडवा करणे. साध्या बॉक्सिंगमध्ये मागे पडलेला खेळाडू गुण मिळवून बरोबरी साधू शकतो. इथे मात अटळ असेल तर गुणांना किंमत नाही. समोरच्याचे डोके हाच त्याचा शेवटचा मार्ग. पटावर पुढे असलेल्याला मार जास्त पडावा, अशी ही तजवीज आहे. बुद्धीचा सन्मान म्हणतात तो हाच काय?

इथे लंडनचाच एक खटला सांगितला पाहिजे. २१ सप्टेंबर १९९१ रोजी मायकेल वॉटसन हा काळा ब्रिटिश मुष्टियोद्धा क्रिस युबँकविरुद्ध व्हाइट हार्ट लेनच्या मैदानावर लढला. बाराव्या फेरीत पंचाने लढत थांबवली आणि थोड्याच वेळात वॉटसन रिंगणात कोसळला. तिथे त्याला तत्काळ शुद्धीवर आणण्याची योग्य व्यवस्था नव्हती. ज्या रुग्णालयात आधी नेले तिथे मेंदूची शस्त्रक्रिया होत नव्हती, म्हणून दुसरीकडे हलवावे लागले. तो ४० दिवस बेशुद्ध होता. त्याच्या मेंदूवर सहा शस्त्रक्रिया झाल्या. पुढे त्याने ब्रिटिश बॉक्सिंग नियंत्रण मंडळावर दावा लावला. मंडळाचे म्हणणे होते की आम्ही सामना भरवला नाही, आम्ही केवळ नियम करतो. डिसेंबर २०००मध्ये अपील न्यायालयाने ते फेटाळले. रिंगणाजवळ कोणती वैद्यकीय व्यवस्था असावी हे जो ठरवतो आणि ज्याच्या ठरवण्यावर खेळाडू विसंबून राहतो, तो जबाबदारीतून सुटू शकत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. नुकसानभरपाई देण्यासाठी मंडळाला आपले लंडनचे कार्यालय विकावे लागले. वॉटसन २००३ साली लंडनची मॅरेथॉन चालला. त्याला सहा दिवस लागले.

ज्यांना खेळ आणि करमणूक यांतला फरक पुसून टाकायचा आहे त्यांनी हा निकाल भिंतीवर लावावा. जिथे बार, संगीत, विनोद आणि लढत एकाच तिकिटात मिळतात, तिथे रिंगणाजवळच्या डॉक्टरकडे कुणाचे लक्ष असते? ११ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसला विद्यापीठाच्या मोठ्या क्रीडागृहात अशीच एक रात्र झाली. इंटरनेटवर नाव कमावलेली मंडळी आणि बुद्धिबळपटू रिंगणात उतरले, दोन नामवंत महिला बुद्धिबळपटूंची लढतही झाली आणि जगभर लाखो लोकांनी ती घरबसल्या पाहिली. यातले अनेक जण या रात्रीसाठीच बॉक्सिंग शिकलेले होते. प्रसिद्धी असलेल्याला निदान आपले डॉक्टर, आपला विमा असतो. हीच रात्र एखाद्या हौशी आयोजकाने लहान सभागृहात भरवली तर रिंगणात कोण उतरेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

कायदा काय म्हणतो? इंग्लंडमध्ये १८८२ साली कोनी खटल्यात न्यायाधीशांनी सांगितले की उघड्या मुठींच्या पैजेच्या लढतीत लढणाऱ्यांची संमती हा बचाव होऊ शकत नाही. त्या खटल्यात आरोपी म्हणून काही प्रेक्षकही उभे होते! केवळ हजर असणे हा आपोआप गुन्हा ठरत नाही, असे म्हणून बहुमताने त्यांना सोडण्यात आले. पण पाहणाऱ्याचा त्यात काहीच भाग नाही, असे म्हणायला ते न्यायालय तयार झाले नाही. नियमबद्ध बॉक्सिंग पुढे कायद्याने चालवून घेतले गेले. आपल्याकडे १८६० च्या दंडसंहितेतले कलम ८७ होते. १ जुलै २०२४ पासून तीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम २५ मध्ये आहे. दोघे करमणुकीसाठी तलवारबाजी करतात आणि नियमाने खेळताना इजा झाली तर गुन्हा नाही, असे उदाहरण त्या कलमाखाली दिले आहे. पण दोन अटी आहेत. मृत्यू किंवा जबर दुखापत व्हावी असा हेतू किंवा तशी शक्यता असल्याची जाणीव नसावी. आणि संमती देणारा अठरा वर्षांवरचा असावा. डोक्यावर ठोसा हेच ज्या खेळात विजयाचे साधन आहे, तिथे पहिली अट किती ताणता येईल? आणि सोळा वर्षांच्या पोराने किंवा पोरीने फॉर्मवर सही केली, तर त्या सहीला या कलमाचे संरक्षण नाही. आपल्याकडे कुठलाही खेळ आला की शाळकरी मुलांचा गट सर्वात आधी उघडतो, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

बौद्ध वाचकांच्या मनात एक प्रश्न येईल, त्याचाही उल्लेख करतो. दीघ निकायातले पहिलेच सुत्त ब्रह्मजाल सुत्त. भगवान बुद्ध ज्या करमणुकींपासून दूर राहतात त्यांची लांबलचक यादी त्यात आहे. त्या यादीत मुष्टियुद्ध पाहणेही आहे आणि आठ घरांच्या, दहा घरांच्या पटावर खेळणेही आहे! अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या यादीत या दोन गोष्टी शेजारी सापडाव्यात याची गंमत वाटते. मात्र ती यादी श्रमणाच्या जीवनाची आहे, गृहस्थ उपासकाची नाही. पंचशीलात बुद्धिबळाला मनाई नाही. उपोसथाला अष्टशील घेणारा उपासक तेवढ्या दिवसापुरता नाच, गाणे आणि तमाशे पाहणे सोडतो. तेव्हा पट खेळावा की नाही यात धम्माची अडचण दिसत नाही. दुसऱ्याच्या डोक्याला लागलेला मार तिकीट काढून पाहावा का, हा प्रश्न मात्र पहिल्या शीलाच्या जवळ जातो, आणि तिथे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

हा विषय दूरचा नाही. २०११ साली कोलकात्यात चेसबॉक्सिंगची भारतीय संघटना स्थापन झाली. २०१७ आणि २०१८ मध्ये जागतिक हौशी स्पर्धा तिथेच झाल्या. खेळ देशात आलेला आहे. आपल्या वस्त्यांतली मुले कबड्डी खेळतात, व्यायामशाळेत जातात, बॉक्सिंगही शिकतात. समाजमंदिरात कॅरम असतो. पट क्वचितच दिसतो. २०२५ साली नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला तेव्हा शहरभर पेढे वाटले गेले. त्या आठवड्यात किती विहारांत नवे पट आले? एका पटाची किंमत जयंतीच्या मिरवणुकीतल्या डीजेच्या पाच मिनिटांच्या भाड्याइतकीही नसेल. व्यायामशाळेत घाम गाळणाऱ्या पोराने त्याच जागी, अंग गरम असतानाच, समोर पट मांडून डाव खेळावा. या खेळातला तेवढा अर्धा भाग आपण बिनदिक्कत घ्यावा. दोरी, पिशवीवरचे ठोसे, दम, तोल, मग पट. समोरच्याच्या कानशिलावर ठोसा मारण्याची गरज कुठेच पडत नाही.

ज्या समाजाने तीन पिढ्या उपाशी राहून पोरांची डोकी शिकवून तयार केली, त्या समाजातल्या पोराचे डोके दुसऱ्याच्या शुक्रवारच्या संध्याकाळीसाठी नाही. दोन-पाच हजारांच्या मानधनावर ते कुणी मागायला आला तर त्याला हाकलून देण्याचा अधिकार आईबापांना आहे आणि अठरा वर्षांवरच्या पोराला समजावून सांगण्याचे कर्तव्य कार्यकर्त्यांचे आहे.

तरीही तुमच्या शहरात अशी रात्र भरणार असेल आणि ओळखीचा कुणी त्यात उतरणार असेल, तर आयोजकाकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. रिंगणाजवळ कोणते डॉक्टर असणार, प्राणवायूची सोय आणि रुग्णवाहिका दाराशी उभी असणार का, विमा किती रकमेचा आहे, आडवा पडलेला खेळाडू पुढे किती दिवस उतरणार नाही हे विचारा. आणि त्या रात्री मेंदूची शस्त्रक्रिया करणारे सर्जन जिथे हजर आहेत अशा जवळच्या रुग्णालयाचे, तारीख आणि वेळ घातलेले पत्र मागा. ते पत्र नसेल तर अर्जाची एक प्रत पोलीस ठाण्यात द्या.